लोखंडी चिनी नाणे: गंज काढण्याआधी हे वाचा

विचारणा थोडक्यात अशी आहे. रत्नागिरीच्या एका वाचकांनी जुन्या नाण्यांचा मिश्र लॉट घेतला, त्यात चौकोनी भोकाचे एक गंजलेले नाणे निघाले. लोहचुंबकाला चिकटते, व्यास साधारण २८ मिलिमीटर. मागच्या बाजूला भोकाच्या वर चौकटीसारखे एक अक्षर आणि खाली तीन आडव्या रेघा. पुढची अक्षरे गंजाखाली दबली आहेत. विक्रेता म्हणाला, ‘चिनी आहे, आठशे वर्षांचे.’ त्यांना हवे आहे ते असे: चीनकडे तांबे असताना लोखंडाची नाणी कशाला पाडली? ही गरिबांसाठीची हलकी नाणी होती का? खरे-खोटे कसे ओळखायचे? आणि गंज लिंबाने काढू की चिंचेने?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांचा उपयोग राहणार नाही. लिंबू नको, चिंच नको, व्हिनेगर नको, बाजारातले गंज काढायचे द्रावणही नको. तांब्या-पितळेच्या भांड्यांची सवय इथे अंगाशी येते. शेकडो वर्षे जमिनीत पडलेल्या लोखंडी नाण्यावर गंज म्हणजे वर बसलेला मळ नसतो. नाण्याचा मूळ पृष्ठभाग, अक्षरांसकट, गंजाच्याच एका आतल्या थरात टिकून असतो. त्याखाली उरलेले लोखंड पुष्कळदा खडबडीत, खाल्लेले असते. आम्लात बुडवले की अक्षरे निघून जातात आणि हातात राहतो तो भोक असलेला काळा, सपाट तुकडा. असे ‘चकाचक’ केलेले तुकडे माझ्याकडे ओळखायला येतात. त्यांचे पुढे काही होत नाही.

काय करायचे ते सांगतो. नाणे पूर्ण कोरडे करा. भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने फक्त वरची माती आणि भुसभुशीत नारिंगी थर हळूहळू सुटा करा, मऊ ब्रशने झाडा. काळपट, कडक थर लागला की थांबा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते पुन्हा तापवून कोरडे करा. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या अल्बममध्ये लोखंडी नाणे ठेवणे म्हणजे त्याचा निकाल लावणेच. पृष्ठभागावर पिवळट-तपकिरी घामासारखे थेंब दिसले, तर आत क्षार अडकले आहेत असे समजा. ते क्षार काढणे हे प्रशिक्षित संवर्धकाचे काम, घरच्या ओट्यावरचे नाही. आणि नाणे हातातून पडू देऊ नका. ओतीव लोखंड वाकत नाही, सरळ दोन तुकडे होतात.

आता मुख्य मुद्द्याकडे. लोखंडी नाणे म्हणजे तांब्याचे गरीब भावंड, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती अर्धवट आहे. तांबे कमी पडले म्हणून लोखंड ओतल्याची उदाहरणे आहेतच. पण सोंग राजवंशाच्या तीनशे वर्षांत (इ. स. ९६० ते १२७९) लोखंडाचे खरे काम वेगळे होते. ते तांबे अडवायला घातलेला बांध होते. साम्राज्याच्या कोणत्या भागात तांब्याचे नाणे चालेल आणि कोणत्या भागात लोखंडाचे, हे सरकार ठरवत असे, आणि ती रेघ नकाशावर दाखवता येते. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात १३ प्रांतांत फक्त तांबे चाले, नैऋत्येकडच्या सिचुआनमधल्या चार प्रांतांत फक्त लोखंड, आणि वायव्य सरहद्दीवरच्या शान्शी व हेदोंग या दोन प्रांतांत दोन्ही. म्हणून लोखंडी नाणे हातात आले की मी किंमत बघण्याआधी एकच विचारतो: हे कुठले?

लोखंड ओतणे सोपे नव्हते, हेही लक्षात घ्या. काशासारखा मिश्रधातू साधारण एक हजार अंशांच्या आसपास वितळतो. शुद्ध लोखंडाला दीड हजारांवर तापमान लागते. पण त्यात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन मुरला तर ते साडेअकराशेच्या पुढे पाण्यासारखे वाहू लागते. चीनमध्ये ही विद्या इसवी सनाच्या कित्येक शतके आधीपासून होती. आपल्याकडचे लोहार उत्तम पोलाद करत, पण त्यांच्या भट्टीतून लोखंड गोळ्याच्या रूपात निघे, रसाच्या रूपात नाही. आणि नाणी बहुतेक ठशाने पाडली जात. त्यामुळे लोखंडी नाण्याची चाल आपल्याकडे पडली नाही. चिनी टांकसाळीत वाळूच्या साच्यात एकाच वेळी अनेक नाणी ओतत आणि मग फांदीवरून फळे खुडावीत तशी तोडून कडा घासत. लोखंड पटकन थंड झाले की इतके कडक होते की कानस घसरते. म्हणून अस्सल लोखंडी नाण्याच्या कडा ओबडधोबड असतात, भोकात ओतीवाचे पापुद्रे अडकलेले असतात. ते दोष नाहीत, ती खूण आहे.

या प्रकाराची सुरुवात सोंगांच्या फार आधीची. हान साम्राज्य विस्कटले तेव्हा गोंगसुन शू या सरदाराने सिचुआनमध्ये स्वतःचे राज्य थाटले (इ. स. २५ ते ३६) आणि तांब्याची नाणी बंद करून लोखंडी नाणी आणली. लोकांना ती रुचली नाहीत. जुनी ‘पाच-चू’ नावाची तांब्याची नाणी परत येणार, अशा अर्थाचे गाणे पोरे म्हणत असल्याची नोंद इतिहासात राहिली आहे.

मोठा फज्जा उडाला तो लिआंग वंशाच्या सम्राट वूचा. ५२३ मध्ये त्याने तांबे रद्द करून लोखंडी नाणी सुरू केली. लोखंड स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे, त्यामुळे घरोघरी चोरून नाणी ओतली जाऊ लागली. दहा-बारा वर्षांत नाण्यांचे डोंगर झाले, भाव कडाडले, व्यापारी गाड्या भरभरून नाणी नेऊ लागले आणि सुटी मोजायचे सोडून दोरीत ओवलेल्या माळाच मोजू लागले. त्यातही शंभर म्हणून ओवलेल्या नाण्यांत कुठे ९०, कुठे ८०, कुठे ७० नाणी. सम्राटाने पूर्ण शंभराचा हुकूम काढला, तो कोणी मानला नाही. राजवटीच्या शेवटी ३५ नाण्यांना शंभर म्हणायची पाळी आली.

इथे आपल्या वाचकांना हटकून मुहंमद तुघलक आठवतो: दौलताबाद आणि १३२९ च्या सुमाराची पितळी-तांब्याची सांकेतिक नाणी. लिआंगच्या बाबतीत तुलना चपखल आहे, रोग तोच होता. सिचुआनच्या बाबतीत मात्र ती चुकते, कारण तिथे लोखंड सुमारे तीन शतके चालले.

कसे, ते पाहू. सोंगांनी ९६५ मध्ये सिचुआनमधले ‘नंतरचे शू’ म्हणून ओळखले जाणारे राज्य जिंकले. तिथे तांबे आणि लोखंड दोन्ही चालत होते. जिंकणाऱ्यांनी तांब्याची नाणी उचलून राजधानी काइफेंगला नेली आणि बाहेरून तांबे आत आणायला बंदी घातली. प्रदेशाला उरले लोखंड. मग ९७९ च्या सुमारास सरकारला वाटले, आता थोडा कर तांब्यात घेऊ, दरवर्षी हिस्सा वाढवत नेऊ. तांबे तर आधीच नेलेले! बाहेरचे व्यापारी तांबे घेऊन आले आणि एका तांब्याच्या नाण्याला १४ लोखंडी नाणी उकळू लागले. कर भरायला लोकांनी बुद्धमूर्ती कोरल्या, भांडी मोडली, जुनी थडगी उकरली. काही वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. सोंग अर्थव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा.

आता वजनाकडे या. माझ्या मते या विषयातले सगळ्यात बोलके आकडे हेच. सिचुआनच्या छोट्या लोखंडी नाण्यांच्या दहा माळांचे, म्हणजे दहा हजार नाण्यांचे, वजन ६५ जिन भरे. सोंगकालीन जिन साधारण ६०० ते ६४० ग्रॅमचा, म्हणजे दहा हजार नाणी चाळीस किलोच्या आसपास आणि एक नाणे चार ग्रॅम. वजनाला ते तांब्याच्या नाण्याएवढेच, पण किंमत सरकारी दराने एक दशांश. रेशमी जाळीदार कापडाचा एक तागा त्या काळी वीस हजार छोट्या नाण्यांना जाई. हिशेब करा: १३० जिन, सुमारे ८० किलो. कापड काखेत मावेल, पण त्याचे पैसे न्यायला खेचर लागेल. तीन-पाच माळांचा बाजार करायचा म्हटले तरी नाणी वाहणे कठीण, अशी तक्रार त्या काळच्या सरकारी कागदांतच आहे.

यावर दोन उपाय निघाले. पहिला सरकारचा: १००५ मध्ये मोठे लोखंडी नाणे काढले. एक मोठे नाणे म्हणजे दहा छोटी, म्हणजेच एक तांब्याचे. हजार मोठ्या नाण्यांचे वजन २५ जिन ८ लिआंग (इथे लिआंग हे वजन, जिनचा सोळावा भाग), एक नाणे १६ ग्रॅमच्या आसपास. लोकांनी लगेच हिशेब केला. नाणे वितळवून कोयते-फाळ केले तर जास्त पैसे मिळत होते! १०१४ मध्ये वजन निम्म्यावर, हजाराला १२ जिन १० लिआंगवर आणावे लागले. नाणी पाडण्याची अख्खी कसरत या दोन आकड्यांत दिसते. नाणे जड केले तर लोहाराकडे जाते, हलके केले तर नकली ओतणारा पुढे येतो.

दुसरा उपाय व्यापाऱ्यांचा, आणि तो जगभर गाजला. ९९३ मध्ये सिचुआनमध्ये मोठे बंड उसळले, त्या धामधुमीत टांकसाळी बंद पडल्या, नाणी दुर्मिळ झाली. चेंगदूच्या व्यापाऱ्यांनी लोखंडी नाणी ठेव म्हणून घेऊन कागदी पावत्या द्यायला सुरुवात केली. त्यांनाच जिआओझी म्हणतात. पुढे १६ धनाढ्य घराण्यांनी एकमेकांची हमी घेऊन हा व्यवहार चालवला. मग पैसे परत द्यायला टाळाटाळ, फिर्यादी, दंगे असा नेहमीचा प्रवास झाला. शेवटी १०२३ मध्ये सरकारने स्वतःचे कार्यालय उघडले आणि पुढच्या वर्षी १२,५६,३४० माळांच्या नोटा काढल्या, तारण ३,६०,००० माळा. तारणात होते लोखंड. जगातल्या पहिल्या सरकारी कागदी चलनामागे सोने नव्हते, चांदी नव्हती, हीच गंजणारी नाणी होती. कागदाचा शोध आणि छपाई यांना श्रेय द्याच, पण सिचुआनमध्ये नोट आधी जन्मली याचे रोकडे कारण पैशाचे ओझे होते.

वायव्य सरहद्दीची गोष्ट निराळी. १०४० च्या दशकात पश्चिम शिया राज्याशी लढाई पेटली. सैन्याचा पगार भागवायला शान्शी आणि हेदोंगमध्ये तांब्याची व लोखंडाची मोठी नाणी काढली, एकाची किंमत दहा. ओतायचा खर्च त्याच्या कितीतरी कमी, म्हणून नकली नाण्यांचा पूर आला. सरकारने किंमत आधी तीनवर आणली, मग दोनवर. पण लोखंड तिथे राहिले, कारण सरहद्दीपलीकडे तांबे जाऊ द्यायचे नव्हते. १०८० च्या सुमारास साम्राज्यात वर्षाला तांब्याच्या सुमारे ५० लाख माळा ओतल्या जात, लोखंडाच्या नऊ लाखांच्या आसपास, नऊ टांकसाळींतून. पलीकडच्या शियांनीही बाराव्या शतकात आपली लोखंडी नाणी काढली. बांधाला दोन्ही बाजूंनी माती पडली म्हणायची.

मग कोणाच्या तरी लक्षात आले की तांबे अडवले खरे, पण शत्रू आपली लोखंडी नाणी वितळवून हत्यारे करतो. होंग चोंगफू या अधिकाऱ्याने सुचवले की लोखंडात शिसे-कथील मिसळा, म्हणजे ते ठिसूळ होईल आणि त्याची तलवार होणार नाही. सम्राट हुइझोंगच्या काळात, प्रधान त्साय जिंगच्या कारकिर्दीत, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला अशी कथील-मिश्रित नाणी खरोखरच काढली. प्रजेला त्यांचा जाच झाला, ती कधी बंद तर कधी सुरू होत राहिली. शत्रूच्या हाती गेलेच तर बिनकामाचे ठरावे अशा बेताने घडवलेला पैसा मला दुसरीकडे आढळलेला नाही.

उत्तर चीन जुर्चेनांच्या जिन राज्याच्या हाती गेल्यावर सोंग दरबार दक्षिणेत सरकला. ११६० च्या दशकापासून यांगत्सेच्या उत्तरेचा हुआय नदीकडचा पट्टा लोखंडी चलनाखाली आला. हेतू जुनाच, फक्त सरहद्द नवी. तुमचे नाणे माझ्या अंदाजाने या पट्ट्यातले आहे. सोंगांचे तांबे तरीही बाहेर गेलेच. जपान, जावा, अगदी आपल्याकडे तंजावरच्या परिसरातही सोंगकालीन तांब्याच्या नाण्यांचे साठे सापडले आहेत. लोखंडी नाण्यांना मात्र समुद्रापलीकडे कोणी विचारले नाही. तांबे बाहेर जाऊ नये म्हणूनच तर ती होती.

नंतरच्या काळाबद्दल थोडक्यात. छिंग काळात ताइपिंग बंडामुळे युन्नानचे तांबे बीजिंगला पोहोचेना, तेव्हा १८५४ पासून श्येनफेंग सम्राटाच्या नावाने लोखंडी नाणी ओतली, एक, पाच आणि दहा किमतीची. दुकानदार ती नाकारू लागले आणि दशक संपता संपता ती बाद झाली. या वेळी बांध वगैरे काही नव्हते, निव्वळ तंगी.

आता तुमचे नाणे. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. आधी एक शक्यता काढून टाकू. आपल्या बाजारात ‘चिनी लोखंडी नाणे’ म्हणून जे येते त्यात जपानी कान्एइ त्सूहो पुष्कळ असतात. जपानने १७३९ पासून त्यांची लोखंडी आवृत्ती काढली. ती नाणी पातळ, नेटकी, गंज कमी. १८६० ची चार मोन किमतीची लोखंडी नाणी तुमच्याएवढीच मोठी, पण त्यांच्या मागे लाटांची नक्षी असते. तुमच्याकडे लाटा नाहीत, अक्षर आहे. तेव्हा जपान बाद.

नकलीचे काय? साधी सोंगकालीन लोखंडी नाणी मुळातच स्वस्त, त्यांची नक्कल करणे परवडत नाही. नकली निघतात ती दुर्मिळ राजवर्षांची आणि मोठ्या किमतीची. एक प्रकार आहे लोखंडाचा भुगा आणि राळ मिसळून ओतलेला. चुंबकाला चिकटतो, पण हाताला हलका लागतो आणि तापलेली सुई टेकवली की प्लास्टिकचा वास येतो. सुई कडेला लावा, अक्षरावर नको. दुसरा प्रकार नव्या लोखंडाला आम्लाने गंजवलेला. त्यावरचा नारिंगी रंग सगळीकडे एकसारखा असतो आणि बोटाला लागतो. अस्सल गंज थराथराचा असतो: खाली काळा, वर तपकिरी, मधे जमिनीतले वाळूचे कण पक्के रुतलेले. तुमच्या फोटोत भोकाच्या कोपऱ्यात असे कण दिसतात, हे चांगले लक्षण. कोणी लोखंडी नाण्याचे तेच लेखन असलेले तांब्याचे नाणे ‘साच्यासाठीचे मातृनाणे’ म्हणून देऊ केले, तर मात्र पाकीट खिशातच ठेवा. अस्सल मातृनाणी फार महाग असतात आणि त्यामुळे नकलीही तिथेच जास्त.

मागचे चौकटीसारखे अक्षर म्हणजे बहुधा ‘थोंग’, आजच्या आनहुइ प्रांतातल्या शूचौ इथल्या थोंगआन टांकसाळीची खूण. शेजारच्या छीचौच्या टांकसाळीची खूण ‘चुन’. तिच्यात आडव्या रेघा वर आणि तिरके पाय खाली, चौकटीशी गल्लत होत नाही. २८ मिलिमीटर म्हणजे दोन किमतीचे नाणे. आणि खालच्या तीन रेघा म्हणजे आकडा तीन, राजवर्ष तिसरे. राजवर्षे सम्राटाने नाव दिलेल्या कालखंडापासून (चुनशी, शाओशी वगैरे) मोजत, आणि तेच नाव नाण्याच्या पुढच्या बाजूला असे. नाण्यावर वर्ष घालायची ही पद्धत चुनशी काळाच्या सातव्या वर्षी, ११८० मध्ये सुरू झाली. म्हणून नुसता ‘तीन’ चुनशीचा असू शकत नाही. असला तर तेरा, आणि मग रेघांच्या वर अधिकच्या चिन्हासारखी फुली हवी. ती गंजात दडलेली नाही ना, ते आधी बघा. नसेल तर उरतात शाओशीचे तिसरे वर्ष (११९२), छिंगयुआनचे (११९७), जिआताईचे (१२०३), काइशीचे (१२०७) आणि जिआदिंगचे (१२१०).

यातले कोणते, ते पुढच्या बाजूचे भोकावरचे पहिले अक्षर सांगेल. अंधाऱ्या खोलीत नाणे सपाट ठेवा, टॉर्च अगदी आडवा धरा, चार बाजूंनी चार फोटो काढा. गंजाखालचे उंचवटे सावलीत उठून दिसतात, काडीही लावावी लागत नाही. डावीकडे धाग्याची गुंडाळी आणि उजवीकडे छोटी चौकट असेल तर शाओशी. अक्षर वरपासून खालपर्यंत खचाखच भरलेले असेल तर छिंगयुआन, जिआताई किंवा जिआदिंग, आणि मग फोटो पाठवल्याशिवाय मला ठरवता येणार नाही. दोन पाखांच्या दरवाज्यासारखी आकृती दिसली तर ते काइशी: जिनांशी छेडलेले युद्ध अंगलट आले आणि ते छेडणारा प्रधान हान त्वोचोऊ मारला गेला, ते १२०७ साल. पुढच्या वर्षी तहाच्या अटीत त्याचे मस्तक पेटीत घालून जिनांकडे पाठवले गेले. दरवाजा दिसला तरी किंमत फार वाढणार नाही, पण पाकिटावर ‘चिनी, लोखंडी’ एवढेच न लिहिता टांकसाळ आणि साल लिहिता येईल.